फुलांचं मतदान

गेल्या मे महिन्यात एका शनिवारी वेस्ट विंडसरहून गाडी काढली आणि तासाभराने माँटक्लेअरला पोचलो. मराठी मंडळाचा कार्यक्रम नव्हता, देऊळ नव्हतं की पाहुण्यांना न्यूयॉर्क दाखवायचं नव्हतं. (या तीन कारणांखेरीज आम्ही शनिवारी सहसा हलत नाही!) आम्ही आयरिसची फुलं बघायला गेलो होतो.

आयरिस महाराष्ट्रात फारसं दिसत नाही. पानं वेखंडासारखी तलवारीच्या आकाराची, कंद आल्यासारखा. फुलाच्या तीन पाकळ्या उभ्या आणि तीन खाली लोंबणाऱ्या. काश्मीरच्या कबरस्तानांत कदाचित तुम्ही पाहिलं असेल. माँटक्लेअरची बाग १९२७ सालची, फ्रँक प्रेस्बी यांच्या स्मरणार्थ केलेली. १९२० साली अमेरिकन आयरिस सोसायटी ज्यांनी काढली, त्यांतले ते एक. इथे टेकडीच्या उतारावर वाफेच वाफे आहेत.

त्याच १९२७ साली अमेरिकेत पहिलं डाइक्स पदक दिलं गेलं, 'सॅन फ्रान्सिस्को' नावाच्या आयरिसला. विल्यम डाइक्स हे इंग्लंडमधले शाळामास्तर. १९१३ साली त्यांनी आयरिसवर मोठा ग्रंथ लिहिला आणि १९२५ साली मोटार अपघातात ते गेले. त्यांच्या नावाचं हे पदक म्हणजे या क्षेत्रातला सर्वोच्च मान. नवी जात आधी छोटी बक्षिसं मिळवत वर चढते आणि शेवटी प्रशिक्षित परीक्षक पदकासाठी मतं देतात.

पण सोसायटीने आणखी एक मतदान घेतलं, ते साध्या सभासदांचं. आवडत्या जाती निवडायच्या आणि पहिल्या शंभरांची यादी छापायची. मला आधी वाटलं, हे आपल्या एसएमएस मतदानासारखं असणार. परीक्षक बाजूला, गर्दी पुढे!

मग माझी फजिती झाली. पदकाचा इतिहास वाचून एक पदकविजेती जात मागवली आणि आल्यासारखा कंद म्हणून आल्यासारखाच खोल पुरला. आयरिसचा कंद जमिनीलगत, पाठीला ऊन लागेल असा ठेवायचा असतो. आमच्या चिकट मातीत तो कुजला. शेजारच्या आजींचं जुनं जांभळं मात्र दरवर्षी फुलतं. तेव्हा लक्षात आलं की पदक जातीला एकदाच मिळतं, सभासदांना मात्र पुन्हा पुन्हा विचारलं जातं. ओरेगनच्या श्रायनर कुटुंबाच्या रोपवाटिकेने १९८६ साली आणलेल्या गडद जांभळ्या 'डस्की चॅलेंजर'ला १९९२ साली पदक मिळालं. पण लोकांच्या यादीत ते पुढे कित्येक वर्षं पहिलं राहिलं. आम्हा इंजिनियरांच्या भाषेत, पदक म्हणजे प्रयोगशाळेतली चाचणी आणि ही यादी म्हणजे वापरातली. यात जुन्या, घरोघरी पोचलेल्या नावाला झुकतं माप मिळतं, हेही खरं.

पुन्हा न विचारल्याने काय होतं, ते टेनेसी राज्यात दिसलं. १९१९ साली तिथे राज्याचं फूल शाळकरी मुलांच्या मतांनी ठरलं. मुलांनी निवडलं ते आपल्या कृष्णकमळाचं भावंड. १९३३ साली विधिमंडळाने आयरिसला राज्यफूल केलं आणि जुना ठराव तसाच ठेवला! चाळीस वर्षं राज्याला दोन फुलं होती. १९७३ साली तडजोड झाली. कृष्णकमळ रानफूल ठरलं, आयरिस लागवडीचं फूल. १९१९ साली आठ वर्षांची असलेली मुलगी तेव्हा बासष्टची झाली होती. तिच्या मताचं अर्धं राज्य तिला परत मिळालं म्हणायचं.

मला हे लागतं, कारण मी इथला नागरिक नाही, म्हणून इथे मत नाही. भारतात २०१० च्या दुरुस्तीनंतर आम्हाला मतदार होता येतं, पण मत द्यायला जातीने हजर राहावं लागतं. दोन्हीकडे कर भरलेला माणूस दोन्हीकडे नुसता बघ्या.

फुलांच्या सोसायटीत मात्र नागरिकत्व कुणी विचारत नाही. असो. शेजारच्या आजींनी कंदाचा एक तुकडा दिला आहे. या खेपेला वरच लावलाय. तो जगला, तर माझं मत त्यालाच.