कासवाचे दार

नाशिककरांना परदेशी बाजाराचे नियम कळले ते द्राक्षांमुळे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्याने आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा इंदिरानगरातही तोच विषय होता. पण तो नियम घडात काय उरले एवढेच पाहतो. माल मिळवताना निसर्गाचे काय झाले, हे व्यापाराच्या नियमाने विचारावे का? या प्रश्नाच्या मागावर मी द्राक्षांकडून कोळंबीकडे आणि तिथून समुद्री कासवाकडे पोहोचलो.

ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेल्या कासवाला श्वासासाठी वर येता येत नाही. ते बुडून मरते. जाळ्यात गजांची चौकट आणि तिच्यालगत दार बसवले, की कोळंबी आत राहते, कासव बाहेर पडते. कासवांसाठी अशी सोय नसलेल्या देशांची कोळंबी अमेरिकेने १९८९च्या कायद्याने रोखली आणि मे १९९६पासून तो नियम साऱ्या जगाला लावला. भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली.

१२ ऑक्टोबर १९९८च्या अपील निकालात अमेरिका हरली, एवढेच लक्षात राहते. निकाल वाचला तर वेगळेच दिसते. सजीवही संपून जाऊ शकणारी नैसर्गिक संपत्ती आहेत, त्यांच्यासाठी व्यापार रोखता येतो, हे तत्त्व मंडळाने मान्य केले. दोष काढला तो पक्षपाताचा : कॅरिबियन देशांना तीन वर्षे मुदत, आशियाई देशांना चार महिने. अमेरिकेने अंमलबजावणी सुधारली आणि २००१मध्ये मलेशियाचा आक्षेप फेटाळला गेला. २०१९मध्ये आपली समुद्रातली कोळंबी तिथे पुन्हा बंद झाली.

त्या कायद्यातून तळ्यात वाढवलेली कोळंबी मात्र सुटते, आणि अमेरिकेला आपण पाठवतो ती बहुतांशी तीच. म्हणजे झळ ट्रॉलरवाल्याला. मोठी निर्यात चालूच. किनाऱ्यावरच्या या तळ्यांनी शेतीचे, पाण्याचे काय केले, हे डिसेंबर १९९६मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने विचारले होते. कासवाचा नियम ते विचारत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी यांनी ऑलिव्ह रिडलेची अंडी राखायला सुरुवात केली. त्यांना कुठल्या कराराने सांगितले नव्हते. पण तिथून समुद्रात गेलेले पिल्लू मोठे होऊन परतते, तेव्हा वाटेत जाळे असते. त्या जाळ्याला दार हवे, ते अमेरिकेच्या बाजारासाठी नव्हे, वेळासच्या वाळूसाठी.