फोटोफिल्मपासून मेंदूपर्यंत

पेडॉट-पीएसएस हा निळसर, वीजवाहक पॉलिमर आज शरीरातील क्षीण विद्युतसंकेत टिपणाऱ्या ट्रान्झिस्टरांचा मुख्य पदार्थ आहे. त्याचा जन्म मात्र वैद्यकासाठी झालेला नाही.

प्लॅस्टिकच्या जातीचा पदार्थ वीज चांगली वाहू शकतो, हे 1977 मध्ये ठळकपणे सिद्ध झाले. हिदेकी शिराकावा, अ‍ॅलन मॅकडायरमिड आणि अ‍ॅलन हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलिनला आयोडिनची वाफ दिली आणि त्याची वाहकता सुमारे कोटी पटींनी वाढली. या कामाला 2000 साली नोबेल मिळाले. पॉलिअ‍ॅसिटिलिन स्वतः मात्र हवेत खराब होई, त्यामुळे व्यवहारात फारसे आले नाही. 1984 मध्ये एमआयटीत मार्क रायटन यांच्या गटाने पॉलिपायरोल या दुसऱ्या वाहक पॉलिमरचा थर द्रावणात ठेवून पहिला विद्युत-रासायनिक ट्रान्झिस्टर केला.

पेडॉट 1980 च्या दशकाअखेरीस जर्मनीतील बायर कंपनीत तयार झाला. तो टिकाऊ होता, पण कशातच विरघळेना. पीएसएस या आम्लधर्मी पॉलिमरच्या साथीने तो पाण्यात पसरवता आला आणि शाईसारखा लेपता येऊ लागला. पहिले मोठे गिऱ्हाईक होते फोटोफिल्म. स्थिर विजेच्या ठिणग्यांनी फिल्मवर डाग पडत, ते या लेपाने टळले.

विद्युत-रासायनिक ट्रान्झिस्टरात पेडॉट-पीएसएसचा हाच थर क्षारयुक्त द्रावणाला भिडतो. गेट या नियंत्रक इलेक्ट्रोडला धन विद्युतदाब दिला की द्रावणातील धन आयन थरात शिरतात, पेडॉटवरील धनभार कमी होतो आणि प्रवाह घटतो. हा बदल पृष्ठभागापुरता राहत नाही, थराच्या सबंध जाडीत होतो. म्हणूनच एक व्होल्टहून कमी दाबातही संकेत चांगला वाढतो. फ्रान्समधील गार्दानच्या संशोधकांनी अशा ट्रान्झिस्टरांनी उंदराच्या मेंदूच्या पृष्ठभागावरील संकेत नोंदवले. ते काम 2013 मध्ये प्रसिद्ध झाले.

टिकाऊपणाची अडचण मात्र पीएसएसमधूनच येते. ज्या गुणाने लेप पाण्यात पसरतो, त्याच गुणाने तो पाण्यात फुगतो, विरघळतो, खालच्या काचेवरून सुटतो. यावर रूढ इलाज म्हणजे गॉप्स हा सिलेनवर्गीय जोडक. लेपाच्या मूळ द्रावणात तो साधारण एक टक्का मिसळून थर भाजला की साखळ्या एकमेकींना आणि काचेलाही बांधल्या जातात. पण गॉप्स स्वतः वीज वाहत नाही, त्यामुळे वाहकता घटते. इथिलीन ग्लायकॉल घालून ती काही अंशी भरून काढतात. दुसरी वाट तीव्र सल्फ्युरिक आम्लाची आहे: जादा पीएसएस धुऊन जाते, पेडॉट अधिक स्फटिकी होतो आणि थर जोडकाविनाही पाण्यात टिकतो. मात्र असे आम्ल नाजूक लवचीक पायावर वापरणे अवघड असते, म्हणून प्रयोगशाळांत आजही गॉप्सचाच वापर जास्त दिसतो.