मिठागरांच्या किनारी पेट्यांचा व्यापार

रेवसहून तरीने करंजाकडे येताना समोर द्रोणागिरी दिसतो. डोंगरावर पोर्तुगीज काळातील किल्ल्याचे व चर्चचे अवशेष आहेत. पायथ्याशी कोळ्यांची वस्ती आणि नांगरलेल्या होड्या. उत्तरेस, न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर, उंच क्रेन उभ्या आहेत. विकसनशील देशांतील व्यापाराने गेल्या अर्धशतकात कशी कूस पालटली, हे पाहण्यास एवढा किनारा पुरे आहे.

व्यापार येथे नवा नाही. पोर्तुगीजांनंतर मराठ्यांकडे आलेले करंजा बेट १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडे कायम झाले. पुढे उरण-करंजा हा पनवेल तालुक्याचाच पेटा होता. मीठ आणि मोहाची दारू ही इथली दोन उत्पन्ने. भट्ट्या बहुधा पारशी धनिकांच्या, मिठावर कर सरकारचा. मिठागरात उन्हातान्हात राबणारा मात्र आगरी. नफा आणि घाम यांची ही फारकत ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या कथेतही ती भेटते.

‘उदयोन्मुख बाजारपेठा’ हा शब्द १९८१ मध्ये आन्त्वान व्हान आख्टमाल या वित्ततज्ज्ञाने रूढ केला. गरीब म्हणून हिणवलेल्या देशांत भांडवलदारांनी पैसा घालावा, म्हणून शोधलेले हे गोंडस नाव! त्याच दशकात शेव्याच्या परिसरात भातशेती व मिठागरे बंदरासाठी संपादित होत होती. सिडको ही नवी मुंबई उभारणारी संस्था १९७० पासूनच जमिनी घेत होती. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले. परंतु जवाहरलाल नेहरू बंदराच्या प्रकल्पग्रस्तांच्या हाती त्यासाठीची इरादापत्रे पडू लागली ती २०१४ मध्ये. बंदर सुरू झाले होते १९८९ मध्ये; तेव्हा जन्मलेले मूल पंचविशीत आले होते.

१९९१ च्या उदारीकरणानंतर बंदराचा चेहराच पालटला. १९९९ मध्ये पी अँड ओ कंपनीच्या पुढाकाराने देशातील पहिले खासगी कंटेनर टर्मिनल येथे सुरू झाले. पुढे डेन्मार्कची आणि सिंगापूरची कंपनी आली. गंमत अशी की, पी अँड ओ ही जुनी ब्रिटिश कंपनी २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने विकत घेतली. ज्यांच्या आगबोटींवर साम्राज्याची टपाल चाले, त्यांची मालकी एका आखाती बंदराकडे गेली. उदयोन्मुख देश आता केवळ गिऱ्हाईक उरले नव्हते, सावकारही झाले होते. उरणच्या वाट्याला मात्र गोदामे, ट्रेलरची रांग आणि बहुतांशी कंत्राटी नोकऱ्या आल्या. नोकऱ्या आल्या, हे नाकारू नये. पण मालकी आली नाही.

कोळ्यांचे दुःख आणखी निराळे. शेतकऱ्याच्या जमिनीला सातबारा असतो, समुद्राला नसतो. भरावाने खाडीच्या वाटा बुजल्या, तिवरे गेली, तरी भरपाई कशाची मागावी? शेव्याच्या विस्थापित कोळ्यांना दिलेल्या हनुमान कोळीवाड्यातील घरांना वाळवीने पोखरले. अखेर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये देण्याचा आदेश बंदर, सिडको व तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळ यांना दिला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मासेमारीवरही हक्क असतो, हे यात मान्य झाले. माझ्या मते ते रकमेहून मोठे आहे.

करंजाचे कोळी अजून होडीचे मालक आहेत. बर्फ व डिझेल भरून होड्या खोल समुद्रात जातात. मासळी भाऊच्या धक्क्याला किंवा ससून डॉकला उतरते. डिझेलचा भाव परदेशात ठरतो आणि कोळंबीचाही; उचल दिलेला दलाल आपली कापून घेतो. व्यवसायाची जोखीम मालकाची, भाव दुसऱ्याचा. तरीही नाखवा आपल्या पोरांसाठी काही राखून आहे. मिठागरवाल्याच्या नातवाला ते सांगता येत नाही.