कर्जाचं कारण काय लिहायचं? छातीच्या इम्प्लांटची सव्वाशे वर्षं

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्यावर बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओचा आवाज कमी करतील. घरात सासरे बसले असतील तर करा कमी, पण बंद करू नका. आज आपण स्तनांच्या ऑपरेशनबद्दल, म्हणजे छातीत जे इम्प्लांट बसवतात त्याबद्दल बोलणार आहोत.

विषय निघाला आमच्याच एका गटाच्या मासिक बैठकीत. आमची एक वहिनी, नाव इथे सांगत नाही, दोन वर्षांपूर्वी तिची डावी बाजू कॅन्सरमुळे काढली. केमो झाली, शेक झाले, केस परत आले. आता ती पहिल्यासारखी खुरपणीला जाते. ब्लाऊजमध्ये जुन्या साडीची घडी घालते. वाकलं की ती घडी वर सरकते, मग बांधाआड जाऊन नीट करायची. त्या बैठकीत तिने कर्ज मागितलं. वहीत कारणाचा रकाना असतो. शेळी, बियाणं, फी, औषधोपचार. अध्यक्षताईंनी विचारलं, काय लिहू? वहिनी म्हणाली, "छाती परत करून घ्यायची चौकशी करायचीय, पुण्याला जायला पैसे पाहिजेत."

आम्ही हसलो. खोटं कशाला सांगू? एक जण म्हणाली, "आता कशाला गं, लेकरं तर मोठी झाली!" दुसरी म्हणाली, सिनेमातल्या बायकांची थेरं. वहिनीने पदर ओढून घेतला आणि पुढे काही बोलली नाही. त्या दिवशी तिचा अर्ज तसाच राहिला. रात्री आम्हाला वाईट वाटलं. आणि लक्षात आलं की ज्या गोष्टीवर आपण हसलो, तिची आपल्याला काडीइतकी माहिती नाही. म्हणून आम्ही दोघी-तिघींनी वाचायला घेतलं, नर्सताईंना विचारलं, डॉक्टरांना गाठलं. त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट कळली तीच आम्हाला गप्प करणारी होती. हे ऑपरेशन सिनेमासाठी सुरू झालंच नाही. १८९५ साली जर्मनीत हायडेलबर्ग शहरात व्हिन्सेन्झ चेर्नी नावाच्या सर्जनने एका गायिकेच्या स्तनातली गाठ काढली. एक बाजू रिकामी दिसली असती. तिच्या कमरेपाशी चरबीची एक साधी गाठ होती, ती काढून त्याने त्या जागी बसवली. म्हणजे पहिली बाई आमच्या वहिनीसारखीच होती. आजार गेला, जागा रिकामी राहिली.

त्यानंतरची पन्नास-साठ वर्षं मात्र अंगावर काटा आणणारी आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात डॉक्टर छातीत पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचं मेण, टोचत. ते आत गोठायचं, सरकायचं, गाठी व्हायच्या, जागा सडायची. पुढे १९५० च्या सुमारास प्लॅस्टिकचे स्पंज बसवू लागले. ते काही महिन्यांत आक्रसून दगडासारखे कडक व्हायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पातळ सिलिकॉन थेट टोचायची पद्धत आली. तिथे अमेरिकन सैनिकांचा तळ होता आणि त्यांना आवडावं म्हणून तिथल्या बायकांना हे टोचून घ्यायला लावलं गेलं. पुढे तेच अमेरिकेत पोचलं आणि हजारो बायकांनी घेतलं. ते सिलिकॉन पिशवीत नसतं, मांसात मोकळं पसरतं, मग काढता येत नाही. काहींचे स्तन काढावे लागले, काही जणी दगावल्या.

इथे एक गोष्ट रेडिओवरून मुद्दाम सांगतो. पार्लरमध्ये किंवा कुणाच्या घरी "एका इंजेक्शनात छाती भरते" असं कुणी तुमच्या मुलीला सांगितलं, तर तिला हात धरून बाहेर काढा. त्या इंजेक्शनाने काय होतं ते जगाला साठ वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.

आता १९६२. अमेरिकेत टेक्सास राज्यात ह्युस्टन शहर. फ्रँक जेरो आणि थॉमस क्रोनिन या दोन सर्जनांनी सिलिकॉनच्याच पिशवीत सिलिकॉनचं घट्टसर जेल भरून इम्प्लांट तयार केलं. असं सांगतात की रक्ताची प्लॅस्टिकची पिशवी हातात दाबताना जेरोला ही कल्पना सुचली. आधी एस्मेराल्डा नावाच्या कुत्रीवर प्रयोग झाला. मग बाई पाहिजे होती. टिमी जीन लिंडसे, सहा मुलांची आई, नवऱ्यापासून वेगळी झालेली, गरिबांच्या धर्मादाय रुग्णालयात आली होती ती छातीवरचं गोंदण काढायला. डॉक्टरांनी विचारलं, आमचं नवीन इम्प्लांट बसवून घेतेस का? तिला छातीचं काही नव्हतं. तिला आपले कान पुढे आलेले वाटायचे. ती म्हणाली, कान नीट करून देणार असाल तर बसवा. दोन्ही झालं, पैसे न घेता.

आम्ही ही गोष्ट गटात सांगितली तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. कारण हे आपल्याला नवीन नाही. फुकटातल्या उपचाराबरोबर आणखी काय गळ्यात पडतं, हे गरीब बाईला कोण सांगतं? टिमी जीनने पुढे मुलाखती दिल्या. पन्नास वर्षांनीसुद्धा तिने ते इम्प्लांट काढलेलं नव्हतं, आणि आपल्यापासून एवढी मोठी गोष्ट सुरू होईल याची तेव्हा कल्पनाच नव्हती असं ती सांगायची. तिच्या मागून लाखो बायका आल्या. फ्रान्समध्ये १९६० नंतरच्या काही वर्षांतच दुसरा प्रकार आला, पिशवी सिलिकॉनची पण आत मिठाचं पाणी, म्हणजे आपलं सलाईन. फुटलं तर पाणी अंगात जिरतं, एवढा त्याचा फायदा. पण हाताला ते पाण्याच्या फुग्यासारखं लागतं.

बरं, एवढं सगळं चालू असताना तपासत कोण होतं? कुणीच नाही. अमेरिकेत अशा वस्तूंवर देखरेखीचा कायदा १९७६ साली आला, आणि तेव्हा जे आधीच बाजारात होतं ते तसंच विकू दिलं. बायकांच्या तक्रारी येत राहिल्या. छाती दगडासारखी होते, पिशवी फुटते, सांधे दुखतात, थकवा जात नाही. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईने डाऊ कॉर्निंग या कंपनीवर दावा जिंकला. त्यात कंपनीचे आतले कागद बाहेर आले, पण न्यायालयाच्या आदेशाने ते पुन्हा झाकले गेले. शेवटी १९९२ मध्ये तिथल्या सरकारी खात्याने, एफडीएने, कॅन्सरनंतरच्या ऑपरेशनला आणि अभ्यासाला वगळून जेलचे इम्प्लांट थांबवले. हजारो दावे पडले. १९९५ मध्ये डाऊ कॉर्निंगने दिवाळं जाहीर केलं आणि १९९८ मध्ये ३२० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने सगळे अभ्यास तपासून सांगितलं की इम्प्लांटमुळे संधिवातासारखे अंगभर होणारे आजार होतात याला पुरावा सापडत नाही. मात्र जागेवरचे त्रास, म्हणजे कडक होणं, फुटणं, पुन्हा पुन्हा ऑपरेशन, हे खरे आणि नेहमीचे आहेत. २००६ मध्ये जेलला पुन्हा परवानगी मिळाली. आम्हाला विचाराल तर यात दोन्ही बाजूंनी बायकांचंच नुकसान झालं. तीस वर्षं कुणी अभ्यासच केला नाही, म्हणून भीतीही उरली आणि खात्रीही झाली नाही.

कडक का होतं? पायात काटा मोडून राहिला तर त्याच्याभोवती शरीर कसं कवच धरतं, आठवा. इम्प्लांटभोवतीही शरीर पातळ आवरण धरतं. कधी ते आवरण आवळत जातं आणि छाती ताठर होते, दुखते. यावर उपाय म्हणून कंपन्यांनी खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट काढले. आवरण कमी आवळतं म्हणून ते खूप खपले. आणि मग त्याच खरखरीतपणाशी एक वेगळाच कॅन्सर जोडलेला दिसला. तो स्तनाचा नव्हे, तर त्या आवरणात होणारा, पांढऱ्या पेशींचा लिम्फोमा. तो क्वचित होतो, आणि बहुतेक वेळा ऑपरेशननंतर सात-आठ किंवा अधिक वर्षांनी, एका बाजूला अचानक सूज येऊन. वेळेत कळला तर इम्प्लांट आणि आवरण काढून बहुतेक जणी बऱ्या होतात. २०१९ च्या जुलैमध्ये अ‍ॅलर्गन कंपनीला आपले बायोसेल नावाचे खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत घ्यावे लागले. म्हणजे आधीच्या दुखण्यावरचा इलाज पुढच्या दुखण्याचं मूळ झाला.

फ्रान्सची गोष्ट तर ऑडिटच्या दिवशी वही रंगवणाऱ्या गटांनी जरूर ऐकावी. पीआयपी नावाच्या कंपनीचा मालक जाँ-क्लोद मास माणसांसाठीचं महाग जेल सोडून कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरत होता. तपासणीला येणारे आधी कळवून यायचे. ते यायच्या आत सगळं लपवलं जायचं. २०१० मध्ये सरकारी निरीक्षकांना त्या मालाचे टाकून दिलेले डबे सापडले आणि बिंग फुटलं. तोवर जगभर तीन लाखांवर बायकांच्या अंगात ते गेलं होतं. एकट्या फ्रान्समध्ये तीस हजार जणींना काढून घ्यायला सांगावं लागलं. २०१३ मध्ये मासला चार वर्षांची शिक्षा झाली.

आता नवीन काय आहे ते. जेल पूर्वीसारखं पातळ राहिलेलं नाही, कापलं तरी जागच्या जागी राहतं, मुलांच्या जेलीच्या गोळीसारखं. काहींचा आकार गोल, काहींचा थेंबासारखा. अगदी बारीक, मखमलीसारख्या पृष्ठभागाचे इम्प्लांट आलेत. त्यातल्या मोटिव्हा नावाच्या इम्प्लांटला अमेरिकेत २०२४ मध्ये परवानगी मिळाली. त्याचा वीस-तीस वर्षांचा अनुभव अजून कुणाकडेच नाही, कारण तेवढी वर्षं झालेलीच नाहीत. छातीच्या स्नायूच्या वर बसवायचं की खाली, चीर स्तनाखाली द्यायची की काखेत, हे बाईच्या बांध्यावर ठरतं. कॅन्सरनंतर कातडी अपुरी असते, म्हणून आधी रिकामी पिशवी बसवून दर काही दिवसांनी सुईने सलाईन भरत जातात. गरोदरपणी पोटाची कातडी हळूहळू ताणते ना, तसंच. पुरेशी ताणली की पक्कं इम्प्लांट. पण शेक घेतलेल्या छातीवर इम्प्लांटचे त्रास जास्त होतात, हे आम्हाला डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

मग तिसरा रस्ता उरतो, स्वतःच्याच मांसाचा. पाठीचा स्नायू वळवून आणायचं काम इटलीत तान्सिनी नावाच्या सर्जनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केलं होतं, पुढे ते विसरलं गेलं. १९८२ मध्ये अमेरिकेत हार्टराम्फने पोटाचं मांस वर आणलं. आता पोटाचा स्नायू तसाच ठेवून नुसती कातडी-चरबी घेतात आणि तिची रक्तवाहिनी छातीतल्या वाहिनीला दुर्बिणीखाली जोडतात. आंब्याचं कलम बांधताना रस पोचला नाही तर काडी वाळते, इथे रक्त पोचलं पाहिजे.

ही कलमाची विद्या आपल्याला परकी नाही. १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये पुण्याकडची एक बातमी छापून आली होती. इंग्रज फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचं नाक टिपूच्या लोकांनी कापलं होतं. एका देशी कारागिराने आधी मेणाचं नाक करून माप घेतलं, तेवढी कपाळाची कातडी सोलली, दोन भुवयांमध्ये ती जोडलेली ठेवून खाली वळवली आणि नवं नाक बसवलं. ते वाचून पुढे इंग्लंडचे सर्जन शिकले. नाकासाठी एवढं झालेलं कुणाला थेर वाटलं नाही, असं आमच्यातली एक जण म्हणाली.

मांडी-पोटाची चरबी शोषून छातीत टोचायचीही पद्धत आहे. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या सर्जनांच्या संघटनेने ती नाकारली होती, गाठी झाल्या तर कॅन्सर ओळखायला अडचण येईल म्हणून. वीसेक वर्षांनी अभ्यासानंतर ते मत बदललं. काही चरबी शरीर जिरवून टाकतं, म्हणून एकापेक्षा जास्त वेळा करावं लागतं.

काही गोष्टी कोणत्याच प्रकाराने येत नाहीत. काढलेल्या बाजूला पहिल्यासारखा स्पर्श कळत नाही, दूध तर नाहीच. आणि इम्प्लांट जन्मभराचं नसतं. २०२१ पासून अमेरिकेत हे इम्प्लांटबरोबरच्या माहितीत चौकट करून ठळक छापावं लागतं आणि बाईसमोर यादी वाचून तिची सही घ्यावी लागते. जेल आत फुटलं तर बाहेरून कळत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करायला सांगतात. त्याचा खर्च कर्ज मागताना कुणी धरत नाही.

पैशाचा प्रश्न मोठाच आहे. तमिळनाडू सरकारने २०१८ मध्ये चेन्नईच्या स्टॅन्ली सरकारी रुग्णालयात गरीब बायकांना हे ऑपरेशन मोफत द्यायचं जाहीर केलं, तेव्हा टीका झालीच. आपल्याकडे योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. आणि ऑपरेशन नको असेल तर ब्लाऊजच्या आत घालायचे सिलिकॉनचे किंवा सुताने विणलेले आकार मिळतात, काही ठिकाणी कॅन्सरच्या पेशंटना विणलेले फुकट देतात. घडीपेक्षा ते पुष्कळ बरे, सरकत नाहीत.

हे सगळं आम्ही वहिनीला सांगितलं. ती पुण्याला जाऊन आली, बरोबर गटातल्या दोघी गेल्या. शेक झालेत म्हणून डॉक्टरांनी पोटाचं मांस सुचवलं. ऑपरेशन कित्येक तासांचं, आणि नंतर दीड-दोन महिने हंडा उचलायचा नाही. वहिनी म्हणाली, सोयाबीन निघू दे, मग बघू. तोवर विणलेला आकार वापरून बघते.

प्रवासाचं आणि तपासण्यांचं कर्ज गेल्या बैठकीत मंजूर झालं. थेरं म्हणाली होती तिनेच ठराव मांडला. अध्यक्षताईंनी पेन उचलून पुन्हा विचारलं, कारण काय लिहू? वहिनीनेच सांगितलं, लिहा, औषधोपचार.