पैठणीचे वजन

बायकांच्या खरेदीविरुद्ध लेखी तक्रार करणारा, मला सापडलेला सर्वांत जुना पुरुष रोमन आहे. प्लिनी त्याचे नाव. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला त्यात तो गेला. पण जाण्यापूर्वी हिशेब लिहून गेला. हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान मिळून आपल्या साम्राज्यातून वर्षाला दहा कोटी सेस्टर्स ओढून नेतात. आपली चैन आणि आपल्या बायका आपल्याला एवढ्याला पडतात, असे त्याचे म्हणणे. बँकेतल्या माणसाला हा गृहस्थ चटकन आपला वाटतो. रक्कम कोणाच्या नावे टाकायची, हे त्याला पक्के ठाऊक होते.

त्याच शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने भडोच बंदराची माहिती लिहिताना आपल्या पैठणचा उल्लेख केला आहे. पैठणहून अकीक आणि तगरहून, म्हणजे आपल्या तेरहून, मलमल व साधे कापड गाड्यांवर लादून भडोचला येई, असे तो सांगतो. पैठणीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. पण खरा पैठणकर एवढ्याने थोडाच गप्प बसतो! रोमच्या राण्या पैठणी नेसत, असे तो छातीवर हात ठेवून सांगतो. मी वाद घालत नाही. आमचे आजोळ शेवगाव तालुक्यातले, म्हणजे गोदावरीच्या अलीकडचे. पलीकडच्या काठावर पैठण. शेजाऱ्याशी इतिहासावरून भांडू नये, पुन्हा विरजण मागायला जायचे असते.

आता मधे जायकवाडीचे पाणी आहे, पण १९४८ पर्यंत तिथे सरहद्द होती. अलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. त्यांचा रुपया वेगळा (त्याला हाली शिक्का म्हणत), जकात वेगळी. माझ्या आईच्या आजीचे लग्न मानमोडीच्या साथीच्या आदल्या वर्षी, १९१७ साली झाले. तिची पैठणी नावेतून नदी ओलांडून आली. जकात भरली की नाही, याबद्दल आमच्या आजोळी शंभर वर्षे मौन आहे. म्हणजे हल्ली लोक ज्याला 'इम्पोर्टेड डिझायनर' म्हणून मिरवतात, ते आमच्या घरात तेव्हाच आलेले होते. फक्त डिझायनरचे नाव कुठे शिवलेले नव्हते.

या नावाच्या बाबतीत आपल्याकडची रीतच न्यारी. जामखेड तालुक्यातल्या चौंडीची लेक अहिल्याबाई होळकर. आमच्या जिल्ह्याला २०२४ मध्ये जिचे नाव मिळाले, तीच. तिने नर्मदाकाठी महेश्वरला विणकर वसवले आणि त्यातून महेश्वरी लुगडे जगभर गेले. स्वतः मात्र ती साध्या पांढऱ्या वस्त्रात राहिली. गावाचे नाव लुगड्याला लागले, राणीचे नाव गावोगावच्या घाटांना लागले, आता जिल्ह्यालाही लागले. विणकराचे नाव कशालाच लागले नाही. पैठणीचेही तेच.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. वारस तिघे: ताई, मी आणि धाकटा. पैठणी नऊवार. कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे प्रत्येकी तीन वार हा भागाकार माझ्या डोक्यात आपोआप झाला. तोंडाबाहेर मात्र पडू दिला नाही. ताई आणि आमची ही, दोघी समोरच बसल्या होत्या. ताई म्हणाली, "राहू दे कपाटात." धाकटा काही बोलला नाही. त्याच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीचा पहिला हप्ता पंधरा दिवसांवर होता. न बोलणाऱ्या माणसाचा आवाज घरात फार मोठा येतो.

नेमकी त्याच आठवड्यात पेपरात चौकट आली: जुने शालू, पैठण्या, जरीच्या साड्या रोखीने घेऊ, फाटक्या चालतील, घरी येऊ. गृहस्थ स्टँडजवळच्या लॉजवर उतरले होते. आले. पदराचा काठ बोटाने चोळला, एक धागा उसवून काडीवर धरला, आणि पिशवीतून काटा काढून त्याचा आकडा पैठणीच्या घडीत अडकवू लागले.

"अहो, ती काय कोंबडी आहे?" ताईने पैठणी ओढून घेतली.

"ताई, वजनाशिवाय भाव कसा सांगू?"

"मग सांगू नका."

शेवटी त्यांनी अंदाजाने सांगितला. चौदा हजार. माणूस वाईट नव्हता. जर खरी आहे, म्हणाला, आता अशी मिळत नाही. घेऊन काय करता, असे विचारल्यावर त्याने सरळ सांगितले, "जाळतो."

वाचकहो, याला क्रौर्य म्हणू नका, हा व्यवहार आहे. खरी जर म्हणजे चांदीची केसासारखी तार, चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, वर सोन्याचा मुलामा. कापड जाळले की रेशमाची राख होते, चांदी मागे उरते. आमच्याकडे सोनेतारणाच्या टेबलावर हेच चालते. दागिना आला की खडे वजा, लाख वजा, दोरा वजा; उरेल त्यावर कर्ज. मंगळसूत्रातून दोरा वजा करताना समोरच्या बाईचा चेहरा कसा होतो, तो रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही.

म्हणून पैठणीचे नशीब मोठे विचित्र आहे. चांदी स्वस्त असते तेव्हा ती कपाटात सुखाने झोपते. चांदी चढली की तिच्या जिवावर बेतते. १९८० च्या जानेवारीत हंट नावाच्या अमेरिकन भावांनी चांदीचा साठा करून भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरात नेला आणि मार्चमध्ये तो कोसळला. मी तेव्हा पाळण्यात होतो. टेक्सासातल्या दोन भावांनी केलेल्या उपद्व्यापामुळे शेवगावात आमच्या आजीच्या ओसरीवर जरवाला येऊन बसला होता! आजीने त्याला चहा दिला आणि वाटेला लावले. तो १९८० चा विक्रम २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मोडला, आणि जरवाले पुन्हा लॉजवर उतरले. गंमत अशी, की आजच्या बहुतेक साड्यांतली जर तांब्याच्या तारेची नाहीतर चक्क प्लॅस्टिकची. तिला कोणी काडी लावणार नाही. खोटी जर अमर आहे. खरीला मात्र तिचा खरेपणाच भोवतो.

जी जळली नाहीत, अशी किती लुगडी बोहारणीकडे गेली असतील! इंग्रजांच्या गॅझेटियरात नगर शहराचे मुख्य धंदे दोन दिले आहेत: लुगडी विणणे आणि तांब्यापितळेची भांडी घडवणे. या दोन धंद्यांची गाठ दुपारी तीन वाजता आपल्या दारात बोहारीण घालून देत असे. एका हातात लुगडे, दुसऱ्या हातात पातेले, आणि "बाई, एवढ्यावर डबा नाही येत" ही घासाघीस. आमच्या घरात १९७२ च्या दुष्काळात आजीच्या पाटल्या गेल्या, पाठोपाठ तांब्याच्या घागरी गेल्या. पैठणी राहिली. का राहिली, ते कोणी विचारले नाही. म्हणून उत्तरही शिल्लक नाही.

चौदा हजारांचा विचार करायला दोन दिवस मागून घेतले आणि आम्ही तिघे येवल्याला गेलो. कोपरगाव ओलांडले की जिल्हा संपतो आणि येवला येते. तिथे एका वयस्कर विणकरांनी पैठणी मांडीवर घेतली. काटा नाही, काडी नाही. त्यांनी आधी पदर उलटा केला, मग सुलटा. दोन्ही बाजू सारख्या. पैठणीच्या पदरात रंगागणिक वेगळी कांडी हाताने फिरवतात, एका रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात गुंतवत नेतात. मागे लोंबता धागा राहत नाही. असा भरलेला पदर विणायला महिने जातात. आजोबा काठावरच्या राघूंवरून एकेक करून बोट फिरवत गेले आणि एका राघूपाशी थांबले.

"याची चोच बघा."

बाकीच्या राघूंच्या चोची लाल होत्या, त्याची नारिंगी.

"लाल रेशीम संपलं असणार," आजोबा म्हणाले. "संध्याकाळ झाली असेल. म्हटला असेल, कोण बघतंय!"

शंभरावर वर्षे कोणी पाहिले नव्हते. आई ती पैठणी आम्हा तिघांच्या बारशाला नेसली होती. राघू तिच्या खांद्यावर होता, आम्ही मांडीवर. ताई खाली वाकून कितीतरी वेळ बघत राहिली. वाटेत "विकायची नाही" एवढेच बोलणारी ताई येवल्यात म्हणाली, "याची जर नको, हा राघू बघणारं कोणी असेल तर देऊ."

असे लोक असतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयापासून पुण्यातल्या एखाद्या हौशी बाईंपर्यंत जुनी वस्त्रे जपणारे आहेत; फक्त ते पेपरात चौकट देत नाहीत. आजोबांच्या ओळखीने पुण्याच्या एक बाई आल्या. त्याआधी आजोबांनी आठ दिवस ठेवून घेऊन पदराचा नमुना चौकटीच्या कागदावर उतरवला. नारिंगी चोचीसकट. बाईंनी अडतीस हजार दिले. जरवाला चौदा म्हणाला होता. वरचे चोवीस हजार त्या विणणाऱ्याच्या हाताचे. त्याची मजुरी शंभर वर्षांनी निघाली आणि मिळाली आमच्या पुतणीच्या कॉलेजला! ताईने आणि मी आपापला वाटा धाकट्याकडे सरकवला. ताईने फक्त पैठणी गुंडाळलेले आईचे जुने मऊ पातळ मागून घेतले. त्यात चार लवंगा होत्या.

बाईंना पावती हवी होती. पावत्या लिहिण्यात माझी हयात गेली, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. 'जुनी साडी, नग १' एवढे पुरले असते. मी लिहिले: पैठणी, नऊवार, लग्नातली, सन १९१७. जर खरी. विणणाऱ्याचे नाव माहीत नाही. एका राघूची चोच नारिंगी.

खाली वजनाचा रकाना होता. तिथे लिहिले: केलेले नाही.