काळी, मोरांड, खरडी, बरडी

पारशिवनीकडच्या जुन्या शेतकऱ्याला जमिनीचे प्रकार विचारा. तो सांगेल, काळी, मोरांड, खरडी, बरडी. ओल धरणारी भारी जमीन ती काळी. चुनखडीचे खडे मिसळलेली, तरीही कसदार, ती मोरांड. वाळूमिश्रित, पातळ थराची ती खरडी, आणि नुसता मुरूम ती बरडी. या क्रमात अनुभव साठलेला आहे. तालुक्याच्या उत्तरेला पेंचचे जंगल आणि टेकड्या, दक्षिणेला कन्हानचे खोरे. त्यामुळे प्रत्येक गावाच्या वाट्याला या चारही जमिनी वेगवेगळ्या प्रमाणात आल्या.

हाच क्रम सरकारी दप्तरातही शिरला. 1854 मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि मग इथे इंग्रजांचा बंदोबस्त, म्हणजे जमाबंदी सुरू झाली. पुढे फुलर या अधिकाऱ्याच्या काळात प्रत्येक जातीच्या जमिनीला तिच्या उत्पन्नाप्रमाणे अंक देण्याची पद्धत रूढ झाली. अंक ठरवताना पीक धानाचे की गव्हाचे, शेत गावालगतचे की लांबचे, हेही पाहत. त्या अंकांवरून कुळाचा खंड ठरे आणि मालगुजाराचा साराही. म्हणजे एखादे शेत मोरांडात लिहिले गेले की खरडीत, यावर घरातले दाणे कमीजास्त होत. 1951 मध्ये मालगुजारी गेली. जमिनीची नावे राहिली.

आता ही पाहणी चित्रात मांडायची आहे असे समजा. शाळेच्या गणितात ज्याला शतमान स्तंभालेख म्हणतात, तो इथे उपयोगी. प्रत्येक गावाचा एक स्तंभ, सगळे सारख्या उंचीचे, आणि आत जमिनींचे थर. साधा स्तंभालेख विल्यम प्लेफेअरने 1786 मध्ये लंडनला छापला, त्याला सव्वादोनशेहून अधिक वर्षे झाली. पण थर कोणत्या क्रमाने रचायचे, हा प्रश्न आजही लोक संगणकावर सोडून देतात. तो बिचारा अकारविल्हे लावतो: काळी, खरडी, बरडी, मोरांड. कसदार मोरांड बरडीच्याही पलीकडे जाऊन बसते!

यात काय बिघडले? समजा, पहिल्या गावात काळी 20 टक्के, मोरांड 40, खरडी 25, बरडी 15. दुसऱ्यात काळी 10, मोरांड 50, बाकी तेवढेच. कसाच्या क्रमाने रचले तर मोरांडाची वरची रेघ दोन्हीकडे 60 वर येते. कसदार जमीन सारखीच, हे मुलालाही दिसते. अकारविल्हे रचले तर खालून दुसरी रेघ एकीकडे 45 वर, दुसरीकडे 35 वर. काळी अधिक खरडी! या बेरजेला शेतात काहीच अर्थ नाही, पण डोळा ती करतोच आणि दुसरे गाव उगाच गरीब ठरते.

डोळ्याच्या या सवयीवर क्लीव्हलँड आणि मॅक्गिल या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच पायरेषेवरून मोजलेल्या गोष्टींची तुलना माणूस नेमकी करतो. अधांतरी तुकड्यांच्या लांबीत चुकतो. शतमान स्तंभाच्या मधल्या थरांचे नेमके हेच होते. तळ आणि माथा तेवढे पक्के. म्हणून माझ्या मते दोन टोकांना काय ठेवले, यावरून आलेख काढणाऱ्याचा हेतू कळतो. सारा वसूल करणाऱ्याला तळाशी काळी हवी. बांधबंदिस्ती कुठे करायची ते ठरवणाऱ्याला बरडी हवी. त्याने तोच क्रम उलटा करावा, पण मोडू नये.

माणसांच्या मतांनाही हेच लागू. रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये पूर्ण सहमतीपासून पूर्ण असहमतीपर्यंत पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर मात्र पाहणीच्या आलेखांत खुशाल मधोमध कोंबलेले आढळते. बंदोबस्ताच्या कारकुनाने पडीक जमीन मोरांड आणि खरडीच्या मध्ये लिहिली नसती. तिचा रकाना वेगळाच असायचा.