बालशिक्षणातील संगोपन व जिव्हाळा

जन्मापासून सुमारे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणात त्यांची शारीरिक देखभाल आणि मोठ्या माणसाचा आपुलकीचा, खात्रीचा सहवास यांना जे स्थान आहे, त्याचा विचार या विषयात होतो. संगोपन म्हणजे मुलाला न्हाऊमाखू घालणे, भरवणे, निजवणे, दुखण्याखुपण्यात जपणे. जिव्हाळा म्हणजे ही कामे ज्या मायेने होतात ती माया. पुढच्या वयात घराने सांभाळायचे आणि शाळेने शिकवायचे, ही वाटणी कशीबशी चालून जाते. तीन वर्षांच्या मुलापाशी ती टिकत नाही, कारण ज्याची चड्डी ओली आहे किंवा ज्याचे डोळे आई गेली त्या दाराकडे लागले आहेत, ते मूल समोर ठेवलेल्या रंगीत मण्यांना हातही लावत नाही.

माया हा आईचा गुण आणि शिकवणे हा गुरुजींचा, हा समज यूरोपातही जुना होता. पेस्तालोत्सी याने १७९९ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील स्टान्स येथे युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसोबत राहून, त्यांच्याबरोबर जेवून त्या समजाला छेद दिला. या प्रश्नाला निरीक्षणाची जोड मात्र विसाव्या शतकात मिळाली. रेने स्पिट्झ याने १९४५ मध्ये दोन संस्थांतील तान्ह्या मुलांची तुलना मांडली : एक स्वच्छ, नीटनेटके अनाथालय, जिथे अनेक मुलांमागे एखादीच परिचारिका असे; आणि दुसरे तुरुंगातील पाळणाघर, जिथे कैदी माता आपली मुले स्वतः सांभाळत. वाढ खुंटली ती अनाथालयातील मुलांची. पुढे जॉन बोल्बी याने मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील टिकाऊ भावनिक नात्याचा, म्हणजे अनुबंधाचा, सिद्धांत मांडला, तर मेरी एन्सवर्थ हिने ‘सुरक्षित तळ’ ही कल्पना रुजवली : ज्या मुलाला आपले माणूस जागेवर आहे याची खात्री असते, तेच त्याच्यापासून लांब जाऊन नव्या वस्तू हाताळते. लळा लागला की मूल परावलंबी होते, ही पालकांची आणि कित्येक शिक्षकांचीही भीती या निरीक्षणांपुढे टिकत नाही.

भारतात या विचाराला संस्थेचे रूप भावनगरमध्ये आले. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका यांनी तेथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. भय आणि लालूच या दोहोंना वर्गाबाहेर ठेवणाऱ्या या शिक्षकाला गुजरातने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हटले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे काम महाराष्ट्रात आणले. या कामाला निर्णायक वळण मिळाले ते १९४५ मध्ये, ताराबाई आणि अनुताई वाघ डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे आल्यावर. बालवाडी उघडली तरी गरीब वस्त्यांतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठीला मिळाला. साधनेही आसपासचीच घेतली गेली : खडे, बिया, पाने, शिंपले.

या पद्धतीत स्वच्छता ही शिकवण्याआधी उरकायची तयारी नव्हती, तर धड्याचाच भाग होती, आणि या परंपरेचे खरे वैशिष्ट्य इथे आहे. हात धुताना बोटे मोजता येतात, नखे काढताना डावा-उजवा कळतो, केस विंचरताना समोरासमोर बसून गप्पा होतात. त्या गप्पांत शब्दसंग्रह वाढतो आणि परक्या बाईंचा स्पर्श सवयीचा होतो. घाईने ओढलेली फणी मात्र याच्या अगदी उलटे शिकवून जाते. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आकाराला आली. तिच्यामागचे कारण साधे होते : धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी मुलगी शाळेत यायची, तर त्या भावंडाची सोय तिथेच हवी. संगोपनाची सोय नसेल तर मोठ्या मुलीचे शिक्षणही अडते, हे येथे उघड झाले.

जिव्हाळा म्हणजे लाड नव्हे. जे मूल स्वतः बटण लावू शकते त्याचे बटण लावून देणे ही मदत नसून अडथळा आहे, हा मारिया माँटेसरी यांचा आग्रह या परंपरेनेही स्वीकारला. घरात वारली बोलणाऱ्या मुलाचे बोलणे न हसता ऐकून घेणे, ही मायेची अधिक अवघड बाजू. गालगुच्चा घेणे त्या मानाने सोपे.

‘अंगणवाडी’ हे नाव पुढे देशभर गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एकत्र आल्या. रचनेने ही योजना बोर्डीच्या विचाराशी जुळणारी आहे. व्यवहारात मात्र आहार आणि वजन यांची नोंद होते, कारण ती करता येते, आणि मुलाशी झालेल्या गप्पांना कोणत्याही नोंदवहीत रकाना नसतो. कायद्यातही असाच दुजाभाव आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा एकत्र उल्लेख आला, पण तो राज्यासाठी मार्गदर्शक तत्त्व म्हणून. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचा हक्क सुरू होतो सहाव्या वर्षापासून.

माया हा स्त्रीचा स्वभावच, या गृहीतकाचा फटका ती माया देणाऱ्यांना बसतो. अंगणवाडीतील बाईंचे पदनाम ‘सेविका’ आहे आणि त्यांना मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा त्यांचा आणि मदतनिसांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केला. मदतनीस ही या व्यवस्थेतली सर्वांत कमी मानधनाची व्यक्ती. सकाळी घरोघर जाऊन मुलांना हाताला धरून अंगणवाडीत आणण्याचे काम तिच्याकडे असते, आणि म्हणून बऱ्याच मुलांसाठी घराबाहेरचा पहिला ओळखीचा हात तिचाच ठरतो.